तेलखडू मोडताना

नवा डबा उघडला की आधी मी सगळे खडू मोडतो.
हेमलताबाई दर वेळी हळहळतात,
"अहो पेंटर, मंजुरीला चार महिने लागले त्याला!"
लागू देत.
अख्खा खडू पोरं मुठीत धरतात, बत्त्यासारखा,
आणि खांद्यापासून हात फिरवतात.
अर्धा दिला की मूठ सोडावीच लागते,
अंगठा पुढं येतो, शेजारचं बोट त्याला भेटतं,
मधलं खालून टेकू देतं.
मिठाची चिमूट उचलावी तसं.
हे मला कुणी शिकवलं नाही.
ब्रश झिजून इतकासा उरायचा
तेव्हाच हात नीट चालायचा, ते आठवलं.

दिघ्यापासून महाप्यापर्यंत
रस्त्याच्या दोन्ही अंगांना माझी अक्षरं होती.
गॅरेजं, दवाखाने, पिठाच्या गिरण्या,
भिंतीभिंतीवर 'येथे थुंकू नये'.
मग फ्लेक्स आला.
तो एका रात्रीत छापून येतो
आणि त्याला मधे चहा लागत नाही.

आता दर शुक्रवारी समाजमंदिराच्या हॉलात
तोच फ्लेक्स मी पालथा अंथरतो.
खाली कुणाचा तरी वाढदिवस, हात जोडलेले,
वर पांढरं मैदान आणि एकवीस पोरं.
उभी रेघ म्हणजे विजेचा खांब.
आडवी रेघ म्हणजे झोपलेला खांब.
"का झोपला?"
"दमला."
"का दमला?"
इथं अर्धा तास जातो.

कात्रीच्या आधी फाडणं शिकवतो.
दोन चिमट्या, एक पुढं ओढायची, एक मागं.
रद्दीचा पेपर टरकतो आणि हॉलभर हसू.
दुसऱ्या दिवशी एक आई दारात उभी:
"लाइटबिल फाडलं हो याने. सरळ फाडलं पण."

भाग्यवंती कलबुर्गीकडची.
आईबाप ऐरोलीत टॉवरच्या कामावर,
मराठी अजून अर्धीच आलेली.
तिचा गोल बटाट्यासारखा आला, एका जागी उघडा.
मला राहवलं नाही.
तीस वर्षं 'ठ' काढलेला हात माझा,
तिची मूठ मी माझ्या मुठीत घेतली
आणि फिरवली.
रुपयासारखा गोल.
तिने तो बघितला.
मग खडू माझ्या तळहातावर ठेवला, म्हणाली,
"नी माडु."
कानडी मला येत नाही.
पण हे कळलं.

नंतरचे तीन शुक्रवार ती नुसती
खडूंचे कागद सोलत बसली.
तेव्हापासून मी हात पाठीमागं बांधून उभा राहतो,
एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरून.
कुणाचा खांब कलतो, कुणाचं छप्पर सुटतं,
बोटं मागच्या मागे वळवळतात.
बाई हसतात. हसू देत.

काल तिने निळा तुकडा उचलला.
रेघ निघाली, लांब गेली, वळली,
जिथून निघाली होती तिथं पोचता पोचता
चुकून पुढं निघून गेली,
थांबली,
जीभ बाहेर काढून मागं आली
आणि चिकटली.
मी श्वास धरला होता हे मला नंतर कळलं.
गोलात दोन ठिपके.
गोलाखालून थेट दोन पाय.
ना मान, ना पोट.
"अगं, याचे हात कुठायत?" बाईंनी विचारलंच.
भाग्यवंतीने वर बघितलं.
बाईंकडं नाही, माझ्याकडं,
मग परत खाली, आणि पाय आणखी लांब केले,
फ्लेक्सच्या कडेपर्यंत.

या वयात पोरं हात काढतच नाहीत,
मला ठाऊक आहे.
तरी पाठीमागचं मनगट
मी जरा आणखी घट्ट धरलं.

खिचडी आली.
नखांतला निळा रंग तसाच घेऊन
सगळी जेवायला बसली.